पेरिगोरच्या टेकड्यांतून सायकलवर: सात दिवसांच्या सहलीची आखणी कुठून सुरू करायची

फ्रान्समध्ये सायकल सहलीला जाणारी आपली बहुतेक मंडळी पुरेशी तयारी करून जातात. चुकतो तो तयारीचा क्रम. आधी विमानाचं तिकीट निघतं, मग रोजचे शंभर किलोमीटर ठरतात, मग मोबाईलवर मार्ग काढला जातो आणि राहण्याखाण्याचं 'तिथं पोचल्यावर बघू' म्हणून सोडून दिलं जातं. मग रविवारी दुपारी भर उन्हात गावात पोचल्यावर बेकरी बंद, हॉटेलचं स्वयंपाकघर बंद आणि पुढचं गाव दोन टेकड्यांपलीकडे, अशी गत होते. फ्रान्सच्या ग्रामीण भागात सायकल चालवताना किलोमीटर शेवटी ठरवायचे असतात. आधी मुक्काम, मग जेवण, मग चढ आणि त्यातून जे उरेल ते अंतर.

हा लेख नैर्ऋत्य फ्रान्समधल्या दोर्दोन्य जिल्ह्याबद्दल आहे. त्याला तिथले लोक आजही पेरिगोर म्हणतात. पहिल्या मोठ्या सहलीसाठी हा भाग मी मुद्दाम सुचवते. दोर्दोन्य आणि वेझेर या दोन नद्यांची खोरी सपाट आहेत, मधल्या टेकड्या बेताच्या आहेत, जुनी दगडी गावं आठ-दहा किलोमीटरांवर भेटत राहतात आणि दमलात तर खोऱ्यातून रेल्वेही जाते.

टप्पा १: महिना आणि आठवड्याचा वार ठरवा

मेचा दुसरा पंधरवडा, जून आणि सप्टेंबर हे चांगले दिवस. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ अंशांच्या वर जाऊ शकतो, नदीकाठचे अरुंद रस्ते पर्यटकांच्या गाड्यांनी भरतात आणि खोल्यांचे दर चढतात. जूनमध्ये रात्री साडेनऊ वाजून गेले तरी उजेड असतो, त्यामुळे घाई करायचं कारणच उरत नाही. मे महिन्यात मात्र १ आणि ८ तारखेच्या सुट्ट्या पाहून ठेवा. सुट्टीला लागून आलेल्या शनिवार-रविवारी जवळपास सगळा देश घराबाहेर पडतो.

महिन्याइतकाच महत्त्वाचा आहे तो निघण्याचा वार, आणि हा विचार फार थोडे लोक करतात. फ्रान्सच्या खेड्यांत रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी बरीच दुकानं, उपाहारगृहं बंद असतात. म्हणून सहल बुधवारी सुरू करा. या भागातल्या सार्ला गावाचा मोठा आठवडी बाजार बुधवारी आणि शनिवारी सकाळी भरतो. बुधवारी निघालात तर शनिवारी नेमके सार्लात असता आणि रविवार-सोमवारची शिदोरी त्याच बाजारात घेता येते.

टप्पा २: मुक्काम आधी, अंतर नंतर

नकाशा उघडून आधी मुक्कामाची गावं टिपा. माझा सात दिवसांचा आराखडा असा आहे:

१. बुधवार: बेर्झराक ते लिमय, लालांद आणि त्रेमोलामार्गे, सुमारे ४५ किमी. वाटेत लालांदच्या कालव्याकाठचा सपाट मार्ग मिळतो.
२. गुरुवार: लिमय ते मोंतिन्याक, ले ब्यूग, लेझेझी आणि सां-लेओं-स्यूर-वेझेरमार्गे, ४० किमीच्या थोडं वर.
३. शुक्रवार: मोंतिन्याक ते सार्ला, छोट्या रस्त्यांनी ३० किमीच्या आत. अंतर कमी, चढ-उतार भरपूर.
४. शनिवार: सार्लात विश्रांती आणि बाजार.
५. रविवार: सार्ला ते सां-सिप्रियां, दोम, ला रोक-गाजाक आणि बेनाकमार्गे, सुमारे ४५ किमी.
६. सोमवार: सां-सिप्रियां ते मोंपाझिए, बेल्व्हेसमार्गे, सुमारे ३० किमी.
७. मंगळवार: मोंपाझिए ते बेर्झराक, बोमोंमार्गे, ४५ किमीच्या आसपास.

सात दिवसांत जेमतेम २३५ किलोमीटर! पुणे-गोवा दोन-तीन दिवसांत करणाऱ्यांना हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण इथं सहल म्हणजे गावं पाहणं आहे. दोमच्या तटावरून खोरं पाहायला, लेझेझीतली आदिमानवाची गुहा पाहायला आणि मोंपाझिएच्या चौकातल्या कमानींखाली बसायला वेळ लागतो. अंतर वाढवलंत की नेमक्या याच गोष्टी गाळाव्या लागतात.

गावं ठरली की खोल्या पाहा. चार पर्याय असतात: छोटं हॉटेल, 'शांब्र दोत' म्हणजे घरगुती खोली आणि सकाळचा नाश्ता, पदयात्री-सायकलस्वारांसाठीचं 'जीत देताप' आणि तंबूची जागा. घरगुती खोली मला सर्वात सोयीची वाटते, कारण अशा काही घरांत आधी सांगितलं तर यजमान रात्रीचं जेवणही करतात. याला 'ताब्ल दोत' म्हणतात. 'आक्युय वेलो' हे चिन्ह असलेली जागा मिळाली तर ती आधी घ्या. या चिन्हाच्या मुक्कामी सायकल बंद जागेत ठेवायची सोय आणि दुरुस्तीची जुजबी हत्यारं ठेवावी लागतात आणि तो आखलेल्या सायकलमार्गापासून पाच किलोमीटरांच्या आत असतो.

> तपासा: प्रत्येक मुक्कामासाठी तीन प्रश्नांची उत्तरं लेखी मिळाली का? सायकल रात्री कुठे राहील, त्या दिवशी रात्रीचं जेवण कुठे मिळेल, आणि खोली किती वाजता उघडते? घरगुती खोल्या बऱ्याचदा दुपारी चार-पाचच्या आधी देत नाहीत. रविवार आणि सोमवारच्या जेवणाचं उत्तर मिळेपर्यंत पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

टप्पा ३: नकाशावर चढ वाचायला शिका

मोबाईलवरचा मार्ग किलोमीटर अचूक सांगतो, पण दोन चुका हमखास करतो. एक तर जवळचा रस्ता म्हणून जंगलातल्या दगडगोट्यांच्या वाटेवर घालतो. दुसरं, सपाट रस्ता शोधता शोधता खोऱ्यातल्या सर्वात वर्दळीच्या रस्त्यावर आणून सोडतो. म्हणून मिशलँ (Michelin) कंपनीचा पिवळ्या मुखपृष्ठाचा १:१,५०,००० प्रमाणाचा कागदी नकाशा घ्या आणि मार्ग आधी त्यावर पेन्सिलीने काढा.

या नकाशावर लाल रस्ते मोठे, पिवळे मधले आणि पांढरे लहान असतात. आपले रस्ते पांढरे, आणि गरजेपुरते पिवळे. रस्त्याच्या कडेला हिरवी रेघ असेल तर तो निसर्गरम्य मानला आहे. रस्त्यावर बाणाच्या टोकासारख्या छोट्या खुणा दिसतील, त्या चढाच्या. एक खूण म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे १३ टक्क्यांच्या वर. टोक ज्या बाजूला, त्या बाजूला चढ. तुमच्या दिशेने दोन खुणा दिसल्या तर सामानासकट उतरून ढकलावं लागू शकतं, हे आधीच धरून चाला. तीन खुणांचा रस्ता शक्यतो बदला.

आता वेळेचा हिशेब. सामान लादलेल्या सायकलवर सपाटीला ताशी १५ किमी धरा आणि दर १०० मीटर चढाला दहा मिनिटं जास्तीची. ५० किलोमीटर आणि एकूण ७०० मीटर चढ असेल तर नुसतं पेडल मारण्याचे साडेचार तास होतात. त्यात जेवण, पाणी, फोटो, एखादा किल्ला किंवा गुहा यांचे तीन तास मिळवा. सकाळी साडेआठला निघालेला माणूस चारला पोचतो, म्हणजे बरोबर खोली उघडण्याच्या वेळेला.

आपल्याकडच्या घाटांचा अनुभव इथं थोडा दिशाभूल करतो. पसरणी किंवा सिंहगड चढताना एकच लांब चढ असतो, लय सापडली की माणूस वर पोचतो. पेरिगोरमध्ये ८०-१०० मीटरचा चढ, लगेच उतार, ओढा, पुन्हा चढ, असं दिवसभर चालतं. लय कधी लागतच नाही. पाय संपतात ते दुपारी तीननंतर, सहाव्या-सातव्या टेकडीवर.

> इशारा: नदीकाठचा डी ७०३ हा रस्ता नकाशावर मोहक दिसतो. ला रोक-गाजाक आणि बेनाकमध्ये एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नदी असल्याने तो अरुंद होतो आणि त्यावर पर्यटकांच्या बसही असतात. हा तुकडा लवकरात लवकर, दहाच्या आत उरकता आला तर उत्तम. बेनाकहून थोडं मागे येऊन कास्तेल्नोच्या पुलावरून डाव्या तीरावर जा आणि मिलांदमार्गे अलास-ले-मीनच्या पुलापर्यंत छोट्या रस्त्याने या.

टप्पा ४: व्हिसा, मग तिकिटं

दुसऱ्या टप्प्यात केलेलं काम इथं उपयोगी पडतं. शेंगेन व्हिसासाठी दिवसागणिक आराखडा, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. उन्हाळ्याच्या हंगामात भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. खोल्या रद्द करता येतील अशाच घ्या. सोबतच्या पत्रात सायकलने फिरणार असल्याचं सरळ लिहा. रोज वेगळ्या खेड्यात मुक्काम का आहे, हे त्यातून कळतं.

विम्याची बारीक अक्षरं वाचा. काही पॉलिसी सायकल सहलीला साहसी खेळ समजून वगळतात.

पॅरिसहून बोर्दोपर्यंत वेगवान टीजीव्ही सुमारे दोन तासांत पोचते. तिथून 'तेर' ही प्रादेशिक गाडी बेर्झराक, लालांद, त्रेमोला, ल ब्युइसों, सिओराक करत सार्लाला जाते. हीच तुमची सुटकेची वाट. गुडघा दुखला किंवा दिवसभर पाऊस लागला तर यातलं जवळचं स्टेशन गाठायचं. म्हणून नकाशावर या सगळ्या स्टेशनांभोवती आताच गोल काढा. टीजीव्हीत सायकल न्यायची तर जागा आरक्षित करावी लागते, नाहीतर चाकं काढून पिशवीत भरावी लागते. तेरमध्ये टांगायचे हूक असतात, पण मोजकेच. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी ते भरलेले असतात, तेव्हा सकाळची पहिली गाडी पकडा.

> तपासा: परतीचं विमान आणि सहलीचा शेवटचा दिवस यांत एक पूर्ण दिवस मोकळा आहे का? रेल्वेचा संप तिथं नवलाचा नाही. संपाच्या काळात दुसऱ्या दिवशी कोणत्या गाड्या धावणार, हे आदल्या संध्याकाळी पाचच्या सुमारास जाहीर होतं.

टप्पा ५: सायकल भाड्याची की स्वतःची

दहा दिवसांपर्यंतच्या सहलीला माझं स्पष्ट मत भाड्याच्या बाजूने आहे. स्वतःची सायकल खोक्यात भरणं, विमानाचं जादा भाडं, पॅरिसमध्ये ते खोकं घेऊन एका स्टेशनावरून दुसऱ्यावर जाणं आणि सहलभर ते कुठेतरी ठेवणं, यात दोन दिवस आणि बरीचशी उमेद जाते. तीन आठवड्यांहून मोठी सहल असेल किंवा तुमची उंची फार कमी वा फार जास्त असेल, तरच स्वतःची न्या. विजेची सायकल हवी असेल तर ती तिथंच भाड्याने घ्यावी लागेल, कारण तिच्या बॅटरीएवढी मोठी बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही.

भाड्याच्या दुकानाला ईमेलवर हे विचारा:

- सर्वात हलक्या गिअरला पुढे किती दात आणि मागे किती? पुढचे दात मागच्यांहून कमी असायला हवेत, उदाहरणार्थ पुढे ३० आणि मागे ३४. फक्त 'चोवीस गिअर' या उत्तराचा उपयोग नाही.
- टायर ३२ ते ४० मिलिमीटरमध्ये आहेत का? मडगार्ड आणि मागे कॅरिअर आहे का?
- पॅनिअर (कॅरिअरला अडकवायच्या पिशव्या), पंप, सुटी ट्यूब, कुलूप आणि दिवे भाड्यात धरले आहेत का?
- अनामत किती? ती बहुधा क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, म्हणून कार्डाची मर्यादा आणि परदेशी व्यवहाराची सोय भारतातूनच चालू करून घ्या.

ताब्यात घेताना घाई नको. सीटची उंची लावून घ्या, ती टेपने खूण करून ठेवा. सगळे गिअर चढवून-उतरवून पाहा. सामान लादून दुकानाभोवती चार फेऱ्या मारा. सायकलचे चारही बाजूंनी फोटो काढा, जुने ओरखडेही टिपा, म्हणजे अनामत परत घेताना वाद राहत नाही.

> इशारा: फ्रान्समध्ये डाव्या हाताचा लिव्हर पुढच्या ब्रेकचा असतो. आपल्याकडे बहुतेक सायकलींवर हे उलट असतं. ओल्या उतारावर सवयीने चुकीचा ब्रेक दाबला की चाक घसरतं किंवा माणूस हँडलवरून पुढे जातो. मोकळ्या मैदानात पंधरा मिनिटं फक्त ब्रेकचा सराव करा. शक्य असेल तर दुकानदाराकडून केबल बदलून घ्या.

ट्यूबचा व्हॉल्व्ह कोणता आहे तेही पाहा. तिथल्या सहलीच्या सायकलींवर बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह सर्रास असतो. हवा भरण्याआधी त्याचं टोकाचं बारकं स्क्रू सैल करावं लागतं, हे माहीत नसल्याने लोक टोक मोडून बसतात.

टप्पा ६: सामान आणि सराव

सगळं मिळून आठ ते दहा किलो, त्याहून जास्त नाही. दोन सायकलिंगचे जोड, एक संध्याकाळचा जोड, पावसाचं जाकीट, पातळ लोकरी थर, चप्पल, औषधं, चार्जर आणि त्याला लागणारा दोन गोल पिनांचा अडॅप्टर. ओझं दोन्ही पॅनिअरमध्ये सारखं वाटा, जड वस्तू तळाला ठेवा. पाठीवर सॅक घेऊ नका. पहिल्या दिवशी ती जाणवत नाही, तिसऱ्या दिवशी मानेतून कळ येते.

हत्यारांत मल्टिटूल, दोन ट्यूब, टायर लिव्हर, पॅच, चेनची क्विक लिंक, थोडं तेल आणि चार झिप टाय पुरेत. मोठं दुकान सार्ला किंवा बेर्झराकमध्येच सापडेल, मधल्या खेड्यांवर विसंबू नका.

सराव निघण्याच्या आठ आठवडे आधी सुरू करा. अंतर वाढवत नेण्यापेक्षा एकच छोटा चढ पुन्हा पुन्हा करा. पुण्याच्या मंडळींनी बोपदेव घाटाचा खालचा टप्पा सामानासकट पाच-सहा वेळा चढावा-उतरावा, मुंबईकरांनी येऊरचा चढ. मग लागोपाठ दोन दिवस तेच करून पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसवतं का, हीच खरी परीक्षा. सीट, पॅडची चड्डी आणि बूट यांतलं काहीही नवीन वस्तू म्हणून विमानात चढू नये.

> तपासा: पंक्चर झालेली मागची ट्यूब तुम्ही एकट्याने, चेनमधून चाक काढून बदलू शकता का? घरी एकदा करून दाखवा, मगच पुढे.

टप्पा ७: रस्त्यावरचे नियम

उजवीकडून चालायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. चूक होते ती थांबून पुन्हा निघताना. दुपारच्या जेवणानंतर रिकाम्या रस्त्यावर सायकल आपोआप डावीकडे जाते. हँडलच्या उजव्या टोकाला लाल टेप गुंडाळून ठेवा आणि प्रत्येक वेळी निघताना त्याकडे बघायची सवय लावा.

त्याहून नवखा नियम म्हणजे उजवीकडच्याला प्राधान्य. गावातल्या गल्लीतून, अगदी छोट्या बोळातूनही, उजवीकडून येणाऱ्या गाडीला आधी जायचा हक्क असतो, जोवर फलक वेगळं सांगत नाही. पिवळा चौकोन टोकावर उभा केलेला दिसला तर तुमचा रस्ता प्राधान्याचा आहे, त्यावर काळी रेघ मारलेली दिसली की ते प्राधान्य संपलं. लाल त्रिकोणात काळी फुली असेल तर पुढच्या चौकात उजवीकडच्याला वाट द्या. गोल चौकात बहुधा आत फिरत असलेल्यांना आधी जाऊ द्यायचं.

सायकलला पुढे पांढरा किंवा पिवळा दिवा, मागे लाल दिवा, परावर्तक आणि घंटी हवीच. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यापावसात परावर्तक जाकीट सक्तीचं आहे. कानात इअरफोन घालून किंवा हातात फोन धरून सायकल चालवली तर १३५ युरो दंड होतो. हेल्मेट १२ वर्षांखालील मुलांना सक्तीचं आहे, पण मोठ्यांनीही घालावं, या उतारांवर त्याशिवाय जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. गावाबाहेर मोटारीने तुम्हाला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचं असतं आणि बहुतेक चालक ते खरंच ठेवतात. म्हणून घाबरून कडेच्या मातीत उतरू नका, कडेपासून अर्धा-पाऊण मीटर आत सरळ रेषेत चालवा.

काही पाट्या ओळखता आल्याच पाहिजेत. घरीच त्यांचं फ्रेंच लेखन कागदावर उतरवून घ्या आणि नकाशाच्या पिशवीत ठेवा. 'रूत बारे' म्हणजे रस्ता बंद. 'देव्हियासियों' म्हणजे वळसा. तो मोटारींसाठी आखलेला असल्याने दहा-पंधरा किलोमीटर वाढवू शकतो, म्हणून आधी तिथल्या माणसाला सायकल जाते का विचारा. 'सोफ वेलो' म्हणजे सायकली वगळून, अर्थात ती मनाई तुम्हाला लागू नाही. आणि 'ग्राव्हियों' म्हणजे रस्त्यावर नुकतीच टाकलेली सुटी खडी.

> इशारा: उन्हाळ्यात छोट्या रस्त्यांवर डांबर शिंपडून वर खडी टाकतात आणि ती वाहनांनी दबेपर्यंत सुटीच राहते. 'ग्राव्हियों' दिसलं की उतारावर वळणाच्या आधी वेग कमी करा. वळणात ब्रेक दाबू नका.

टप्पा ८: रोजचं खाणं-पाणी

दिवसाचं वेळापत्रक गावातल्या दुकानांप्रमाणे लावायचं. बेकरी सकाळी सातच्या सुमारास उघडते. आठवड्यातला एक दिवस तीही बंद असते, म्हणून आदल्या संध्याकाळी दारावरचा कागद वाचा. दुपारी साडेबारा ते अडीच-तीन बहुतेक दुकानं बंद. उपाहारगृहात दुपारचं जेवण बारा ते दीडमध्येच मिळतं, पावणेदोनला गेलात तर स्वयंपाकघर आवरलेलं असतं. रात्रीचं जेवण सातनंतर. त्यामुळे बाराच्या आधी जेवणाच्या गावात पोचणं किंवा डबा बरोबर ठेवणं, याला तिसरा पर्याय नाही. माझा नियम सोपा आहे: सकाळी निघतानाच दुपारचं जेवण पॅनिअरमध्ये असलं पाहिजे. पाव, चीज, टोमॅटो, फळं, अक्रोड. उपाहारगृह उघडं मिळालं तर तो आनंद वेगळा.

दुकानात शिरताना आधी 'बोंझूर' म्हणा, मगच काय हवं ते सांगा. थेट मागणी केली तर तिथं ते उद्धट समजतात आणि मदत आखडती होते.

शाकाहारी मंडळींनी पुढचं नीट वाचावं. पेरिगोर हा बदकाचा आणि हंसाचा मुलूख आहे. मांस न दिसणाऱ्या पदार्थांतही त्यांची चरबी असते:

- 'पोम सार्लादेझ' हे लसूण घातलेले परतलेले बटाटे बदकाच्या चरबीत करतात. साधे तळलेले बटाटेही कधी कधी त्याच चरबीत तळतात.
- 'तुरें' हे लसणीचं सूप चरबीच्या फोडणीवर होतं.
- 'सालाद पेरिगुर्दीन' या नावाने हिरवं सॅलड समजून मागवलंत तर त्यात बदकाची पोटी आणि मांस येतं.
- बकरीच्या चीजच्या सॅलडवर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, 'लार्दों', घालायची पद्धत आहे. बेकरीतल्या 'किश लोरेन'मध्येही तेच असतात.

'ज न मांज नि व्हियांद, नि प्वासों, नि ग्रेस द कानार' हे वाक्य पाठ करा: मी मांस, मासे आणि बदकाची चरबी खात नाही. नुसतं शाकाहारी म्हटलं की चरबीचा विचार स्वयंपाक्याच्या मनात येईलच असं नाही. ताब्ल दोतच्या यजमानांना हे बुकिंगच्या वेळीच कळवा, कारण जेवणाची खरेदी त्यांनी आधी केलेली असते. खात्रीचं खाणं म्हणजे बाजारातली फळं-भाज्या, काबेकू हे छोटं बकरीचं चीज, अक्रोडाचा पाव, सुपरमार्केटमधले डबाबंद छोले आणि मसुराचं सॅलड. खोलीत किटली असेल तर बरोबर नेलेले पोहे-उपमा रविवारची रात्र निभावतात.

पाण्याच्या दोन बाटल्या नेहमी भरलेल्या ठेवा. गावात सार्वजनिक नळ सापडला नाही तर दफनभूमी शोधा. फुलझाडांसाठी तिथं बहुधा नळ असतो. वर 'ओ पोताब्ल' लिहिलं असेल तर पाणी पिण्याजोगं, 'ओ नों पोताब्ल' असेल तर नाही.

> तपासा: शनिवारी दुपारी सार्ला सोडण्याची तयारी करताना पॅनिअरमध्ये रविवारचं दुपारचं, रविवारचं रात्रीचं आणि सोमवारचं दुपारचं जेवण आहे का?

टप्पा ९: अवघड तुकडे आणि बिघाड

सार्लाच्या दक्षिणेला जुन्या रेल्वेमार्गावर डांबरी सायकलमार्ग केला आहे. रविवारी त्यावरून कार्साकला उतरा, मग नदीकाठाने व्हित्राक आणि तिथून दोमचा चढ. दोम खोऱ्यापासून सुमारे १५० मीटर उंच कड्यावर आहे. चढाला लागण्याआधी पाणी प्या, सर्वात हलका गिअर टाका आणि पहिल्या वळणाआधीच टाका, कारण जोर लागल्यावर गिअर बदलायला गेलं की चेन अडकते. वर दगडी फरशीच्या गल्ल्यांत उतरून चालावं. बेनाकचा किल्ला पाहायचा तर सायकल खाली नदीजवळ कुलूपबंद करा आणि सामान कोणाच्या तरी नजरेखाली ठेवून पायी जा. दोम, ला रोक आणि बेनाक अशी तीन ठिकाणं एका दिवशी आतून पाहायचा हट्ट धरू नका. एक निवडा, बाकीची बाहेरून.

लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. दोन्ही ब्रेक मिळून थोडा वेळ दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. सामानामुळे थांबायला लागणारं अंतर बरंच वाढतं.

मे ते ऑगस्टमध्ये दुपारनंतर वादळी पाऊस येतो. रोज सकाळी मेतेओ-फ्रान्स या तिथल्या हवामान खात्याच्या इशाऱ्याचा रंग पाहा. पिवळ्यात सावध राहून निघा, नारिंगीत दिवस बदला, लालमध्ये खोलीतून बाहेर पडू नका. सप्टेंबरमध्ये शिकारीचा हंगाम सुरू होतो, तेव्हा जंगलाच्या कडेने जाताना भडक रंगाचे कपडे घाला.

अपघात झाला तर ११२. किरकोळ जखम, पोटाचा त्रास, उन्हाचा तडाखा यासाठी हिरव्या अधिक चिन्हाचं औषधाचं दुकान गाठा, तिथला फार्मासिस्ट सल्लाही देतो. सायकल जागेवर दुरुस्त होत नसेल तर दुकानाला फोन करण्याआधी तुम्ही कोणत्या डी क्रमांकाच्या रस्त्यावर आहात ते पाहा. रस्त्याकडेच्या पिवळ्या डोक्याच्या मैलाच्या दगडावर तो क्रमांक सापडतो. पुढचं गाव आणि हा क्रमांक सांगितला की मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्येही माणूस तुमच्यापर्यंत पोचतो.

मंगळवारी बेर्झराकला पोचल्यावर सायकल लगेच परत देऊ नका. आधी चिखल धुवा, सीटवरची टेप काढा, पॅनिअरचे सगळे कप्पे उलटे करून पाहा. पासपोर्टची प्रत आणि चार्जर बहुतेक वेळा आतल्या खिशात राहतात. मग पहिल्या दिवशीचे फोटो हातात घेऊन दुकानदारासमोरच सायकल तपासा आणि कार्डावरची अनामत सोडल्याची पावती घेऊनच स्टेशनाकडे निघा.